औषधाने बरे होणारे आणि तीन आठवड्यांनी परतणारे कुत्र्याचे दुखणे: घरातले विष कसे शोधावे

समस्येचे स्वरूप बहुतेक घरांत सारखेच असते. कुत्रा एखाद्या सकाळी जेवणाकडे बघत नाही, एकदोनदा पिवळसर उलटी करतो आणि कोपऱ्यात मलूल पडून राहतो. दवाखान्यात सलाईन लागते, उलटी थांबवणारे इंजेक्शन मिळते, तीन-चार दिवसांची औषधे आणि दहीभाताचे पथ्य घेऊन आपण घरी येतो, आणि आठवड्याभरात तो पुन्हा दाराशी शेपटी हलवत उभा राहतो. दोन-तीन आठवडे जातात आणि तेच सारे पहिल्यापासून सुरू होते. दरवेळी निदानाचा शब्द तेवढा बदलतो: कधी पोट बिघडले, कधी हवा बदलली, कधी बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल.

आमच्या तांबूच्या बाबतीत हे एका हिवाळ्यात तीनदा घडले. तो १४ किलो वजनाचा देशी कुत्रा आहे, लसीकरण वेळेवर झालेले आहे, आणि फाटकाबाहेर तो साखळीशिवाय जात नाही. त्यामुळे 'बाहेरचे काहीतरी' हे उत्तर आम्हाला पटत नव्हते. तिसऱ्या वेळी त्याच्या हिरड्या पांढरट दिसल्या आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तेव्हा आम्ही पहिल्यांदा घराकडे संशयाने पाहिले. शोधाच्या शेवटी जे हाती आले ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे: आजारपणात त्याला जो दहीभात मिळत होता तोच त्याचा खरा उपचार होता, आणि बरा झाल्यावर आम्ही प्रेमाने जे ताटात वाढत होतो तेच त्याचे दुखणे होते. औषध आणि पथ्य एकाच दिवशी सुरू होत असल्यामुळे श्रेय औषधाला जात होते, आणि पथ्य संपले की दुखणे परतत होते. ज्यांच्या घरी असे चक्र चालू आहे त्यांनी सर्वांत आधी ही शक्यता तपासावी.

त्याआधी एक इशारा देणे आवश्यक आहे. कुत्र्याला झटके येत असतील, तोल जात असेल, जीभ किंवा घसा सुजला असेल, उलटीत वा शौचात रक्त असेल, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर झाल्या असतील, किंवा बारा तासांत लघवीच झाली नसेल, तर पुढचे वाचत न बसता दवाखाना गाठावा. त्याने मनुका, चॉकलेट, सायकस या शोभेच्या झाडाचे बी किंवा कण्हेरीचे पान खाल्लेले तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल, तर तो दिसायला अगदी ठीक असला तरीही निघावे. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर पोट रिकामे करू शकतात, आणि त्यानंतर ती संधी झपाट्याने कमी होत जाते.

आधी काय वगळून घ्यावे

घरातल्या विषाचा संशय आला म्हणून इतर कारणे बाजूला सारणे योग्य नाही. आपल्याकडे गोचीड बारमाही असतात, आणि गोचीडताप, म्हणजे बॅबेसिया व एर्लिकिया या जंतूंचे आजार, नेमकी तीच लक्षणे दाखवतात जी कांद्या-लसणाच्या विषबाधेत दिसतात: मरगळ, फिकट हिरड्या, कधी कावीळ, आणि बॅबेसियात तर गडद लघवीसुद्धा. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरा मूत्रपिंड बिघडवतो, आणि मनुका व चिंचही मूत्रपिंडच बिघडवतात. म्हणजे या दोन्ही बाबतींत लक्षणांवरून निवाडा होत नाही. रक्ताची पूर्ण तपासणी, काचपट्टीवरचा रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी आणि लघवीची तपासणी एवढे करून घ्यावेच लागते.

डॉक्टरांना येथे आपल्याकडून एक गोष्ट कळणे फार महत्त्वाचे असते. कांद्या-लसणाच्या विषबाधेत तांबड्या पेशींच्या कडेला हिमोग्लोबिनचे साकळलेले गोळे दिसतात. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, आणि ते स्पष्ट दिसण्यासाठी न्यू मिथिलिन ब्लू हे वेगळे रंजक वापरावे लागते. कुत्र्याच्या आहाराची माहिती मिळाली नाही तर प्रयोगशाळेत जंतूच शोधले जातील, ते सापडणार नाहीत, आणि अहवालावर 'काही आढळले नाही' असे लिहून येईल. आमच्याकडे दोनदा हेच झाले. त्यात दवाखान्याचा दोष नव्हता, कारण 'खायला काय देता' या प्रश्नाला आम्ही दोन्ही वेळा 'घरचेच, साधे' असे उत्तर दिले होते. मराठी घरातल्या 'साध्या' जेवणात कांदा आणि लसूण धरलेलाच असतो, आणि तो आपल्याला वेगळा असा दिसतच नाही.

खाणे आणि लक्षण यांतले अंतर

कारण शोधताना सर्वांत मोठी चूक ही होते की आपण लक्षण दिसले त्या दिवसाचेच ताट आठवतो. प्रत्येक विषाला स्वतःचा अवधी असतो, आणि तो ठाऊक असला तर कोणत्या दिवसापर्यंत मागे जायचे ते कळते.

चावताक्षणी लाळ गळू लागली, कुत्रा पंजाने तोंड घासू लागला, तर कारण बहुतेक वेळा तेथेच, हाताच्या अंतरावर, एखाद्या कुंडीत असते. साखरमुक्त च्युइंगममध्ये साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलने अर्ध्या तासापासून काही तासांत रक्तातली साखर कोसळते आणि कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, मात्र काही वेळा हा परिणाम बारा तासांपर्यंत लांबतो. चॉकलेट, कॉफी आणि चहापत्तीची अस्वस्थता दोन ते बारा तासांत दिसते. मनुका खाल्ल्यावर उलटी पहिल्या दिवसातच होते, पण मूत्रपिंड बिघडल्याची लक्षणे एक ते तीन दिवसांनी येतात, आणि मधल्या काळात कुत्रा सुधारल्यासारखा वाटू शकतो. हा मधला काळ सर्वांत फसवा असतो. सायकसचे तसेच आहे: उलट्या पहिल्या दिवशी, यकृत निकामी होण्याची चिन्हे दोन-तीन दिवसांनी. कांद्या-लसणाचा अवधी सर्वांत लांब, तीन ते पाच दिवस, आणि थोडा थोडा रोज पोटात जात असेल तर कित्येक आठवडे. म्हणून गुरुवारी दिसलेल्या अशक्तपणाचे मूळ रविवारच्या रश्शात असू शकते, आणि बुधवारच्या रात्रीचे जेवण तपासून काहीही हाती लागत नाही.

कांदा आणि लसूण

परत परत येणाऱ्या दुखण्याचा विचार करायचा तर कांद्या-लसणापाशी जरा थांबावे लागेल, कारण आपल्या स्वयंपाकघरातून कुत्र्याच्या पोटात नियमितपणे जाणारे विष हेच आहे.

कांदा, लसूण, पातीचा कांदा आणि त्यांच्या कुळातल्या सर्वच वनस्पतींत गंधकाची संयुगे असतात. कुत्र्याच्या शरीरात ती तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण घडवून आणतात. बिघडलेल्या पेशी फुटतात किंवा प्लीहेत अडवून नष्ट केल्या जातात, आणि पेशी बनण्यापेक्षा नष्ट होण्याचा वेग वाढला की रक्तक्षय होतो. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडते, तीच ती चहासारखी लघवी. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने या संयुगांचा उपद्रव नाहीसा होत नाही, हे येथे ठळकपणे सांगायला हवे. 'कच्चा नको, पण शिजलेला चालतो' हा समज मी अनेक घरांत ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे.

प्रमाणाचे पाहू. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या रक्तात दखल घेण्याजोगे बदल घडवतो असे पशुवैद्यकीय ग्रंथांत दिलेले असते, आणि एका वेळी वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त कांदा पोटात गेला तर धोका मानावा असेही सांगितले जाते. १४ किलोच्या कुत्र्यासाठी ही दुसरी, अधिक सावध मर्यादा ७० ग्रॅम होते, म्हणजे एका मध्यम कांद्याहून कमी. लसूण कांद्यापेक्षा कित्येक पटींनी तीव्र असल्याने त्याची मर्यादा याहूनही खाली येते. अकिता आणि शिबा यांसारख्या जपानी जातींचे कुत्रे या बाबतीत विशेष नाजूक असतात.

आता हे आकडे आपल्या स्वयंपाकात ठेवून पाहावेत. मटणाच्या रश्शाला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण असते, आणि चार माणसांच्या रश्शात तीन-चार कांदे सहज जातात. तो रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला दिला की रश्शातला फार मोठा वाटा त्याच्या पोटात जातो, कारण वाटण निवडून बाजूला काढता येत नाही. कांदा-लसूण मसाल्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ताज्या कांद्यात साधारण नव्वद टक्के पाणी असते, म्हणून वाळवून कुटलेल्या कांद्याच्या १० ग्रॅम पुडीत ताज्या कांद्याच्या ८०-९० ग्रॅमइतका ऐवज सामावतो. आमटी, पिठले, उसळ, भाजणीचे थालीपीठ, लसणाची चटणी लागलेली भाकरी, कांदा घातलेले ऑम्लेट: यांतल्या कशातही कांदा डोळ्यांना भरत नाही, पण रोज थोडा थोडा जात राहतो, आणि जुन्या पेशींचे नुकसान भरून येण्याआधी नवे नुकसान होत जाते.

लसणाची एक गैरसमजूत विशेष त्रास देणारी आहे. गोचीड पडावेत किंवा जंत जावेत म्हणून लसणाच्या पाकळ्या ठेचून चपातीत घालून देण्याचा सल्ला कित्येक जण मनापासून देतात. आम्हालाही तो एका हितचिंतकाने दिला होता आणि आम्ही तो तितक्याच मनापासून पाळला होता. गोचिडांवर पशुवैद्याने दिलेल्या गोळ्या किंवा मानेवर लावायची औषधे असतात, जंतांसाठी वजनाप्रमाणे दिलेले औषध असते, आणि लसूण या दोहोंचीही जागा घेऊ शकत नाही. गोचिडांमुळे आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्याला लसूण देणे म्हणजे उरलेले रक्तही धोक्यात घालणे आहे.

द्राक्षे, मनुका आणि चिंच

नाशिकची द्राक्षे आणि सांगली-तासगावचे बेदाणे आपल्या घरांत वर्षभर असतात. द्राक्षांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते हे पशुवैद्यांना वीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे, परंतु एखादा कुत्रा मूठभर मनुका पचवतो आणि दुसरा थोड्याशा मनुकांनी दगावतो, याचे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. २०२१ आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. घरगुती खेळमातीत वापरले जाणारे 'क्रीम ऑफ टार्टर' खाल्लेल्या आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच मूत्रपिंडाचा बिघाड दिसल्याने त्यांना हा धागा सापडला. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे या आम्लाचे प्रमाण बदलते, म्हणून परिणामही बदलतो, असे हे स्पष्टीकरण आहे.

कुत्र्यांना घातक पदार्थांच्या परदेशी याद्यांत चिंच क्वचितच दिसते, कारण तेथील स्वयंपाकघरांत ती फारशी नसते. आपल्याकडे मात्र चिंच-गुळाची आमटी, भेळेची चटणी, पाण्यात भिजत घातलेली चिंच आणि कोळ काढून उरलेला चोथा हे सगळे रोजचे असते. मराठी घरासाठीच्या यादीत चिंचेला द्राक्षाच्या शेजारचे स्थान द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. आमटीच्या चार थेंबांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, पण चिंचेचा गोळा, चोथा किंवा वाटीभर चटणी कुत्र्याने खाल्ली तर मनुका खाल्ल्याप्रमाणेच वागावे.

मनुकांबाबत किलोमागे सुमारे ३ ग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही विषबाधा नोंदलेली आहे, म्हणजे पाच किलोच्या पॉमेरेनियनला १५ ग्रॅम, एक लहान मूठ. सुरक्षित प्रमाण सांगता येत नसल्यामुळे शून्य हेच प्रमाण धरावे. गणपतीच्या दिवसांत हा धोका वाढतो, कारण खिरापतीत अनेक घरी खोबरे, खारीक, खसखस आणि खडीसाखरेबरोबर बेदाणे असतात, शिऱ्यात असतात, आणि आलेला प्रत्येक पाहुणा प्रसादाचा घास प्रेमाने कुत्र्यालाही भरवतो. दर सणानंतर कुत्रा आजारी पडत असेल तर पहिला संशय येथे घ्यावा.

चॉकलेट, चहापत्ती, झायलिटॉल

चॉकलेटचे गणित सोपे आहे. त्यातले थिओब्रोमिन किलोमागे २० मिलिग्रॅम गेले तर उलटी व अस्वस्थता, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडणे आणि ६० च्या पुढे झटके, असा साधारण क्रम असतो. दुधाच्या चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते सुमारे २ मिलिग्रॅम, गडद चॉकलेटमध्ये ५ किंवा अधिक, आणि कोको पावडरमध्ये २५ मिलिग्रॅमच्या पुढे असते. म्हणून १० किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅम दुधाचे चॉकलेट खाल्ले तर बहुधा पोटावर निभावते, पण केकसाठी आणलेली कोको पावडर २० ग्रॅम चाटली तरी हृदयाचा प्रश्न उभा राहतो.

आपल्याकडे चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकण्याची पद्धत आहे. उकळून झालेल्या पत्तीतही कॅफिन शिल्लक असते, आणि दूध-साखरेच्या वासाने कुत्रा ती माती उकरतो. चोथा धुऊन, कुत्रा पोहोचणार नाही अशा ठिकाणी पूर्ण कुजवूनच वापरावा. कंपोस्टच्या डब्याला घट्ट झाकण असावे, कारण बुरशी आलेल्या अन्नातल्या विषांनी कुत्र्याला अंगभर कंप सुटतो.

झायलिटॉलसाठी एकच सवय लावून घ्यावी. 'साखरविरहित' असे लिहिलेल्या च्युइंगम, गोळ्या, पीनट बटर, टूथपेस्ट आणि औषधी सरबतांचे वेष्टन वाचावे. त्यावर झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई ९६७ यांपैकी काही दिसले तर ती वस्तू उंच कपाटात जावी. किलोमागे १०० मिलिग्रॅम इतकेही झायलिटॉल रक्तशर्करा पाडू शकते.

देवघर, गॅलरी आणि गच्ची

वनस्पतींचा विचार करताना आपण कुंड्यांकडे पाहतो आणि देवघर विसरतो. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, महाशिवरात्रीला धोत्र्याचे फळ, रोजच्या पूजेला तांबडी किंवा पिवळी कण्हेर: ही सगळी विषारी आहेत. रुईच्या चिकात आणि कण्हेरीच्या प्रत्येक भागात हृदयाची गती बिघडवणारी द्रव्ये असतात. पाने सुकली तरी कण्हेर विषारीच राहते, आणि ती ठेवलेल्या फुलदाणीतले पाणीही निर्धोक नसते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, फळातले बी सर्वांत घातक असते. पूजेनंतर निर्माल्य एखाद्या पिशवीत दाराच्या कोपऱ्यात साठवले जाते, त्यात नैवेद्याचा तुपाचा वासही लागलेला असतो, आणि कुत्रा नेमका ती पिशवी फाडतो. दर रविवारी उलटी करणाऱ्या कुत्र्याच्या घरी शनिवारची माळ कोठे जाते हा प्रश्न आवर्जून विचारावा. झाकणाचा डबा ठेवला की हा प्रश्न पूर्ण सुटतो.

गॅलरीतला मनीप्लांट, डायफेनबेकिया, सिंगोनियम, पीस लिली आणि परसातला अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजरे असते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच, म्हणून तर फदफद्यात चिंच पडते. या झाडांनी तोंड सुजते, लाळ गळते, पण मृत्यू सहसा ओढवत नाही. थंड पाण्याने तोंड धुऊन डॉक्टरांना कळवावे. कोरफड, शेवंती आणि स्नेक प्लांट यांनी उलटी-जुलाब होतात. पिल्लू पाने चावत सुटते त्या वयात ही झाडे उंच टांगावीत.

सायकसचे झाड मात्र कुत्र्याच्या घरात असूच नये, असे मला निःसंदिग्धपणे वाटते. बंगल्यांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या दारात शोभेसाठी लावलेले हे पामसारखे दिसणारे झाड यकृत निकामी करते, त्याच्या नारिंगी-लाल बिया सर्वांत विषारी असतात, आणि एक-दोन बियांनीही कुत्रा दगावू शकतो. ('सागो पाम' या इंग्रजी नावामुळे काहींना उपवासाच्या साबुदाण्याची शंका येते, पण आपल्या बाजारातला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो.) कुंपणावरची गुंज, पावसाळ्यात फुलणारी कळलावी, घाणेरी आणि अडेनियमची कुंडी यांनाही याच गटात धरावे.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाडात नसून खतात असते. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे अत्यंत तीव्र विष उरलेले असू शकते, आणि पेंडीचा वास कुत्र्यांना अनावर आवडतो. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असला तर विचारायलाच नको. महिन्यातून एकदा कुंड्यांना खत घातले जाते आणि महिन्यातून एकदाच कुत्र्याला रक्ताचे जुलाब होतात, हे दोन दिवस एकमेकांशेजारी लिहून काढल्याशिवाय लक्षात येत नाही. पेंडीऐवजी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत वापरावे. गोगलगायींसाठी टाकायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी तर थेट झटके येतात, त्यामुळे त्या घरात आणूच नयेत.

तीन आठवड्यांची चाचणी

रक्ताचे अहवाल आले, जंतुसंसर्ग नाही असे ठरले, आणि कुत्रा सध्या स्थिर आहे, अशा वेळी पुढची पद्धत वापरावी. एका वहीत गेल्या दोन महिन्यांतल्या आजाराच्या तारखा लिहाव्यात. त्यांच्या समोर प्रत्येक तारखेच्या मागचे सात दिवस लिहून घरातल्या पूजा, सण, पाहुणे, खत घालण्याचे दिवस, मांसाहाराचे दिवस आणि माळ्याच्या येण्याचे दिवस आठवतील तसे भरावेत. ही वही एकट्याने भरू नये. घरातल्या प्रत्येकाला, स्वयंपाकाच्या मावशींना, आजोबांना आणि मुलांनाही वेगवेगळे विचारावे, आणि विचारताना स्वरात आरोप नसावा, कारण ओशाळलेला माणूस दिलेला घास लपवतो. आमच्याकडे असे निघाले की मी रविवारचा रस्सा-भाकरी देत होतो, सासूबाई सकाळी लसणाची पाकळी चपातीत गुंडाळून देत होत्या, आणि मुलगी तिच्या डब्यातली उरलेली कांद्याची भाजी रोज संध्याकाळी त्याच्यापुढे ठेवत होती. प्रत्येकाला आपले देणे थोडेसेच वाटत होते, आणि प्रत्येकाचे खरोखरच थोडेसे होते.

त्यानंतर तीन आठवडे कुत्र्याचे अन्न वेगळे शिजवावे: भात, न फोडणी दिलेले वरण, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली कोंबडी किंवा अंडे, दुधीभोपळा, गाजर. कोंबडी उकडताना सवयीने आले-लसूण पडते, तेवढे सांभाळावे. एकच माणूस वाढेल असे ठरवावे. रोज सकाळी उजेडात ओठ वर करून हिरडीचा रंग पाहावा. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. लघवीचा रंग फरशीवर नीट कळत नाही, म्हणून पांढरा कागद धरून पाहावा. कांदा थांबल्यावर रक्त भरून यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून चाचणी मोडू नये. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी रक्ताची तपासणी पुन्हा करावी.

चाचणी नीट पाळूनही उलट्या येतच राहिल्या, तर विषाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांशी स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल आणि आतड्यात अडकलेल्या वस्तूबद्दल बोलावे. आंब्याची कोय आणि मक्याचे कणीस आतड्यात अडकून अनेक दिवस मधूनमधून उलट्या घडवतात, आणि त्यांचा पत्ता एक्स-रे किंवा सोनोग्राफीनेच लागतो.

घरी काय करू नये

विष पोटात गेल्याचे कळताच मीठपाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय घरोघरी सुचवला जातो. तो करू नये. उलटी झाली नाही तर ते सारे मीठ रक्तात जाते, आणि रक्तातला सोडियम वाढून मेंदूच्या पेशींतले पाणी ओढले जाऊन कुत्रा विषाऐवजी मिठाने मरू शकतो. दूध, तूप, लिंबाचा रस किंवा ताक यांनी विष उतरत नाही, वेळ मात्र जातो. सुस्त किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. आपल्यासाठी आणलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर कधीच देऊ नये. विशेषतः आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला थोड्या प्रमाणातही घातक ठरते.

निघताना बरोबर काय न्यावे ते आधीच ठरवून ठेवावे. खाल्लेल्या वस्तूचे वेष्टन किंवा झाडाची फांदी फुलासकट, उलटीचा नमुना झाकणाच्या डबीत, कुत्र्याचे अलीकडचे वजन, आणि खाल्ल्याची अंदाजे वेळ व प्रमाण कागदावर. झाडाचे नाव माहीत नसेल तर संपूर्ण झाडाचा आणि पानाचा जवळून असे दोन फोटो काढून, गाडीत बसल्याबरोबर दवाखान्यात पाठवावेत, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत तेथे तयारी झालेली असते.